खळ लावलेल्या तारा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

चोवीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात मोटारींचं वायरिंग तपासलं. एप्रिलमध्ये कारखान्यानं ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं आणि निरोपाच्या कार्यक्रमात मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळ कसा जातो ते बघत बसा, असा त्याचा अर्थ. सात महिने बघितलं.

आज फुलंब्रीहून आप्पासाहेबांचा फोन आला. शेतीवाले, मोठं घर, आवाजात जरब. आजोबांनी घेतलेली १९२८ सालची उघड्या टपाची मोटार त्यांच्याकडे आहे. यंदा दसऱ्याला पूजा चालू असताना तिच्या डॅशबोर्डमधून धूर आला. आप्पासाहेबांनी हातातला कलश तसाच आत उपडा केला. "आंब्याची पानंसुद्धा गेली आत," म्हणाले. मागच्या वर्षी कुण्या कारागिरानं नवं वायरिंग करून दिलं होतं, त्याचा हा प्रसाद.

मुलगा ऋतुराज म्हणतो, देऊन टाकू. फर्दापूरला एक हॉटेलवाला आहे. अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी त्याला गाडी हॉटेलसमोर चौथऱ्यावर बसवायचीय, इंजिन काढून, आत शेवंतीच्या कुंड्या ठेवून. आप्पासाहेबांनी त्याला शब्द दिलाय. दोन फेब्रुवारीला गाडी फर्दापूरला येईल. स्वतःच्या चाकांवर, दिवेलागणीला दोन्ही दिवे लावून आली तर परत जाईल. टोचन लावून, दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून आली, किंवा आंधळी आली, तर ती हॉटेलवाल्याची.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय, मॅडम," म्हणाले. चोवीस वर्षांचं नाव असं कुठंतरी पोचलेलं असतं.

मुकुंदला सांगितलं. तो फुलंब्रीच्याच बँकेत अकरा वर्षं आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव त्याला चष्मा लावल्याशिवाय आठवत नाही. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "कोण आप्पासाहेब?" आणि नाडी परत सोडून परत बांधली. नवरे निवृत्तीच्या आधीच असे होतात काय?

हे माझं पहिलं स्वतंत्र काम. गाडी चौथऱ्यावर चढली तर माझी पाटी रंगायच्या आधीच उतरली म्हणायची.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी बघितली. शेतातल्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ऋतुराजनं ती विकायच्या तयारीनं नवी रंगवून घेतलीय, गर्द हिरवी. नवरी दाखवायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखी.

गाडीचा सांभाळ कडुबाकडे आहे. वय सत्तरच्या पुढं. पोरवयात गाडी धुवायला लागला, मग चालवायला लागला, आता ती त्याचीच असल्यासारखा बोलतो. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "बाई, वायरिंग तुमी करनार? हे लग्नातल्या माळा सोडायचं काम नाय बरं."

"लग्नातल्या माळा तरी चालू होत्या का तुमच्या?" मी म्हटलं.

"व्हय, त्या चालू व्हत्या. गाडीच पेटली," असं म्हणून त्यानं पायाखालच्या फळ्या उचलल्या.

खाली पाहिलं आणि माझं रक्त तापलं. लाल प्लास्टिकची बारीक वायर सायलेन्सरच्या पाइपवरून नेलेली. जिथं पत्र्याला भोक पाडलंय तिथं कडा ब्लेडसारख्या, आणि वायर त्यातून नुसतीच ओढलेली. बाकी सगळा कारभार चिकटपट्टीवर. ही गाडी सहा व्होल्टची. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच उजेडाला करंट दुप्पट, आणि तार जाड हवी. ज्यानं हे केलं त्यानं मोटारसायकलची तार वापरली होती. अशा माणसाला कारखान्यात मी दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं असतं.

पण एका कोपऱ्यात, चासीच्या बगलेत, मूळचा वीतभर तुकडा शिल्लक होता. आत तांबं, त्यावर रबर, त्यावर सुती धाग्याची वीण, काळ्यात एक लाल पदर, वर कसलंतरी कडक लुकण. पितळी पट्टीनं धरलेला, पट्टीच्या आत कातडं, म्हणजे धातू तारेला लागायला नको. शहाण्णव वर्षं तो तिथं गप बसलाय. मी हात लावून पाहिला आणि उगाचच डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे शेडमध्ये.

उष्णता, घासणं आणि पाणी, तारेचे हे तीन शत्रू. तिघांची नावं त्या जुन्या कारागिराला ठाऊक होती.

निघताना आप्पासाहेब म्हणाले, "घरी बसून तुमचे हात शिवशिवतात. चांगला चालणारा मिक्सर तीनदा खोलून जोडलात म्हणे." मी चकित झाले. मोठ्या घरच्या लोकांना माणसाची पारख नुसत्या बघण्यातून होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुती विणीची तार बाजारात नाही. पुण्याचा व्यापारी म्हणतो, परदेशातून मागवू, तीन महिने. माझ्याकडे दोन महिने आहेत. आधुनिक वायर घालून वर काळी नळी चढवता येईल, पण फळ्या उचलल्यावर तो जुना तुकडा मला काय म्हणेल?

आज मंगळसूत्र गाठवायला शहागंजात लीलाबाईंकडे गेले. त्या पटवेकरीण. दागिने रेशमात गाठवून द्यायचे, करगोटे करायचे, गोफ विणायचे, हे त्यांच्या घरचं पिढीजात काम. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून त्या जाड दोरीवर आठ पदरी गोफ विणत होत्या. धागे एकमेकांखालून असे पळत होते की डोळा मागं राहिला. मी पर्समधून जुन्या तारेचा, नमुन्यासाठी कापून आणलेला बोटभर तुकडा काढून पुढं ठेवला.

त्यांनी तो नखानं उकलला. "सोपाय. आठ पदरीच आहे. कुणाच्या गळ्यात घालायचं?"

"मोटारीच्या."

"हौ? मोटारीचं लगीन कधी?"

"दोन फेब्रुवारीला. नाही जमलं तर विधवा होईल."

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" असं म्हणून त्यांनी किती लांबी ते विचारलं. चौदा तारा, मिळून चाळीस मीटर. लग्नसराई ऐन भरात आहे, तरी हो म्हणाल्या. एकच अट: गोफ त्या त्यांच्या पद्धतीनं करणार, मी डोक्यावर उभं राहायचं नाही. कारखान्यात हे मला कुणी म्हटलं असतं तर मी खुर्ची घेऊन डोक्यावरच बसले असते.

९ डिसेंबर, सोमवार

तारा मिळाल्या. रबर चढवलेलं जाड तांबं मी आणून दिलं होतं. त्यावर लीलाबाईंची वीण. काळ्यात लाल म्हणजे पुढचे दिवे, काळ्यात पिवळा म्हणजे भोंगा, काळ्यात हिरवा डायनॅमोसाठी. वीण घट्ट, ताठ, हाताला कडक. वाकवली की वळण धरून राहते. मूळ तुकड्यापेक्षाही देखणी. "इतकी कडक कशी आली हो?" विचारलं तर म्हणाल्या, "ते आमच्या हाताचं. तू तुझं बघ."

कोपऱ्यात पातेल्यात तांदळाच्या पिठाची खळ रटरटत होती. पाकिटं चिकटवायला लागत असणार.

बसमध्ये बाजूच्या बाईनं विचारलं, एवढे करगोटे कशाला? मी म्हटलं, घर मोठं आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर गाडीखाली पाठीवर आडवी आहे. प्रत्येक भोकाच्या कडा कानशीनं घासल्या, त्यात रबरी बुश बसवले. सायलेन्सरच्या बाजूनं एकही तार नाही, सगळ्या दुसऱ्या बगलेनं. दिव्यात जाणारी तार खालून वर नेली आणि आधी तिला छोटासा झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकेल, दिव्यात शिरणार नाही. चासी आणि बॉडी चालताना वेगवेगळ्या हलतात, तिथं तार ताणायची नाही, सैल सोडायची. हे सगळं फळ्या बसवल्या की कुणाला दिसणार नाही.

कडुबा उकिडवा बसून बघत होता. "बाई, एवढं कुनी बघनार हाय का?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत आहे ना ते तिथं आहे."

त्यानं टोपी मागं सारली. मग पितळी पट्ट्यांत घालायला कातडं मी कापत होते ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः कापायला लागला. माझ्यापेक्षा सरळ कापतो. सांगितलं नाही.

ऋतुराज येऊन जाऊन टोमणे मारतो. "मॅडम, चौथऱ्यावर दिवे लागत नाहीत, कुंड्यांना पाणी लागतं." शिवाय मक्याची पोती याच शेडमध्ये रचून ठेवलीत, दुसरीकडं जागा नाही म्हणे. धुळीनं शिंका येतात. कडुबा पोत्यांकडं बघून मांजर आणायला पाहिजे असं काहीतरी पुटपुटत होता. त्याला प्राण्यांची आवड दिसते.

५ जानेवारी २०२५, रविवार

लागले! दोन्ही दिवे, एकदम, पिवळेधमक. भोंगा वाजला तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. आप्पासाहेबांनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि दिव्यांना हात जोडले, मला नाही. मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर मुकुंदला सगळं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हाही त्यानं पेपर वर केला नाही. ऐकतो हल्ली, की कान गेलेत?

१३ जानेवारी, सोमवार

सगळं मेलं.

सकाळी कडुबाचा फोन, "बाई, उजवा दिवा लागंना, भोंगा बी नाय." जाऊन फळ्या उचलल्या. पाच ठिकाणी तारा उघड्या. विणीचा धागा वीत-वीत गायब, रबर तासल्यासारखं, तांबं नागडं. दोन जागी तर तांबं तांब्याला भिडलेलं. बॅटरी रात्रभर जोडलेली असती तर शेडच पेटली असती.

गाडी चौथऱ्यावर जावी असं या घरात एकाच माणसाला वाटतं. मी सरळ ओसरीवर गेले आणि आप्पासाहेबांसमोर ऋतुराजला विचारलं, "सुरी कुठली वापरलीस?"

तो पांढरा पडला. "मॅडम, मला तारा तोडायच्या असत्या तर पक्कड घेतली असती. कुरतडत बसलो नसतो."

आप्पासाहेबांनी मुलाकडं पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही, कारण त्यात माझं वाक्य होतं. मी दोन तुकडे पिशवीत टाकले आणि निघून आले. वीस दिवस उरलेत.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तुकडे जेवणाच्या टेबलावर पडले होते. मुकुंदनं तिळगुळाची वाटी बाजूला सारून एक उचलला, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "उंदीर."

"उंदीर सुती धागा कशाला खाईल? पोटभर मका पडलाय तिथं."

"आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पाकिटं पडलीत. कागद तसाच ठेवतात. खळीनं चिकटवलेली कड तेवढी खातात, सरळ रेषेत. ऑडिटरपेक्षा नेटकं काम."

मी तार जिभेला लावली. गोडसर, पिठूळ. आणि ते पातेलं डोळ्यांसमोर आलं.

चोवीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आले, यावर काय लावलंय? या वेळी विचारलं नाही, कारण तार देखणी दिसत होती.

सणाचा दिवस असूनही शहागंजात गेले. लीलाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचाच पारा चढला. "खळ तर लावतेच मी! आजीपासून लावतो. त्याबिगर गोफ उभा राहतो का? धागा लोळतो सगळा. आन् मंगळसूत्राला कधी उंदीर लागलेला ऐकलाय तू? बाई ते गळ्यात घालती, पोत्यात नाही ठेवत."

बरोबर होतं. त्यांच्या धंद्यात उंदीर नाही, माझ्या धंद्यात खळ नाही. चौथा शत्रू आमच्या दोघींच्या मधल्या जागेतून आत शिरला.

मी जुना तुकडा परत दाखवला. त्यांनी त्यावरचं लुकण नखानं खरवडलं, दिव्यावर धरलं, वास घेतला. "चपडा आहे की गं हा. लाखेचा. स्पिरिटमध्ये विरघळवून लावायचा. आम्ही पूर्वी दांडपट्ट्याच्या मुठींना लावायचो. आधी का नाही म्हणालीस?"

"मलाच माहीत नव्हतं."

"मग एवढा पगार कशाचा घेत होतीस?" असं म्हणून त्यांनी सुनेला चपडा आणायला पिटाळलं.

१५ जानेवारी, बुधवार

तिळगूळ घेऊन फुलंब्रीला गेले. ऋतुराज ट्रॅक्टरखाली होता.

"मी चुकले," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

तो बाहेर आला. आजूबाजूला फक्त कडुबा आणि एक कोंबडी. "हेच का सगळे?" म्हणाला. मग तिळगूळ तोंडात टाकला. "आप्पांनी काल मला जेवायला बोलावलं नाही, मॅडम. पहिल्यांदाच."

मी ओसरीवर गेले आणि आप्पासाहेबांना खळीची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली, माझं नाव कुठंही न वगळता. ते ऐकून म्हणाले, "ऋतुराज, पानं वाढलीत." एवढंच. दुपारी ऋतुराजनं स्वतः मक्याची सगळी पोती शेडमधून हलवली. चौऱ्याऐंशी.

२६ जानेवारी, रविवार

चौदाही तारा बाहेर काढल्या. गरम पाण्यात भिजवून खळ धुतली, दोन दिवस वाळवल्या. लीलाबाईंनी पाच नव्या विणल्या. मग प्रत्येकीला चपड्याचे तीन हात. वाळल्यावर रंग अगदी त्या जुन्या तुकड्यासारखा, मधासारखी झाक. शेडमध्ये एक तार मुद्दाम दाण्यांत टाकून ठेवली होती. सहा दिवस झाले, उंदीर दाणे खाऊन गेले, तारेला तोंड लावलं नाही.

परत सगळ्या बसवल्या. या वेळी कडुबा गाडीखाली माझ्याशेजारी आडवा होता. "लई गुमान बसल्यात आता," म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे पदक.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

काल निघालो दुपारी दोनला. कडुबा चालवायला, शेजारी आप्पासाहेब, मागं मी आणि लीलाबाई. त्यांना यायचंच होतं. "माझं काम कुठं राहतं ते बघायला नको का?" डोक्यावरून पदर घट्ट घेऊन, कडेचा दांडा धरून बसल्या. आमच्या मागं ऋतुराजची बोलेरो, तिच्यात मुकुंद, आणि मागच्या बाजूला टोचनचा दोर. बोलेरोत चढताना मुकुंद आणि आप्पासाहेब एकमेकांकडं बघून हसले. नव्या ओळखीचं हसणं इतकं जुनं दिसत नाही, पण माझं लक्ष भोंग्याकडं होतं.

सिल्लोडला रस्त्याचं काम चालू. गाडी अशी हादरली की लीलाबाईंनी रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांची गाठोडी सोडली. दिवस मावळताना अजिंठ्याच्या घाटाच्या तोंडाशी आलो. कडुबानं दिवे लावले. दोन्ही लागले. पहिल्या वळणावर डावा लुकलुकला. दुसऱ्यावर विझला.

"थांबव," आप्पासाहेब म्हणाले. आवाजात जरब नव्हती.

मागून ऋतुराज आला. हातात दोर होता, पण तो त्यानं पाठीमागं धरला होता. खाली फर्दापूरचे दिवे दिसत होते. हॉटेलवाल्यानं फोटोग्राफर बोलावून ठेवलाय, हे आम्हाला ठाऊक होतं.

मी खाली बसले आणि तार सुरुवातीपासून हातानं चाचपत गेले. पट्टी, बुश, झोळ, सैल जागा, दिवा. कुठंच काही नाही. वीण शाबूत, चपडा शाबूत. डायरीत खरं लिहायचं तर त्या क्षणी मला भीती कमी आणि अभिमान जास्त वाटला, आणि हे बरोबर नव्हे. तार चांगली असून दिवा विझला असेल तर करंट परत यायचा रस्ता तुटलाय. तो येतो दिव्याच्या धातूतून, बोल्टमधून, चासीत. मी बोल्टला हात लावला. सैल. आणि त्याच्या खाली ऋतुराजचा तो सुरेख हिरवा रंग, जाडजूड. रंगातून करंट जात नाही. आतापर्यंत नुसत्या बोल्टच्या आट्यांवर निभावलं होतं. बसवताना तो रंग मी खरवडायला हवा होता. एवढ्या चकचकीत रंगाला ओरखडा काढायचा धीर झाला नव्हता.

"चाकू," मी म्हटलं.

कडुबानं दिला. मी आप्पासाहेबांकडं पाहिलं. "रंग जाईल."

"आमची गाडी आहे, मखर नाही. खरवडा."

रुपयाएवढी जागा लखलखीत होईपर्यंत खरवडली, बोल्ट आवळला. ऋतुराजनं टॉर्च धरली होती. डावा दिवा लागला तेव्हा त्यानं टॉर्च विझवली, दोर बोलेरोत फेकला आणि म्हणाला, "काकू, उजवाही खरवडून घ्या. उगाच जोखीम नको." मॅडमची काकू कधी झाले ते घाटात कळलं नाही.

फर्दापूरला शिरलो दोन्ही डोळे उघडे ठेवून. हॉटेलवाला पायरीवर उभा. शब्दाचा पक्का निघाला. आप्पासाहेबांच्या हातात नारळ दिला आणि एक फोटो तरी काढू म्हणाला. सगळे गाडीसमोर गोळा झाले. तेवढ्यात लीलाबाई दिव्याजवळ वाकल्या. मडगार्ड आणि दिव्याच्या मध्ये बोटभर जागा आहे, अख्ख्या गाडीत तेवढीच तार बाहेरून दिसते. विणीचं टोक उसवू नये म्हणून तिथं मी दोऱ्यानं बांधून गाठ मारली होती.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"शिकलेली ना तू? अशी गाठ तर शेळीच्या दाव्याला पण नक्को." आणि त्या तिथंच उकिडव्या बसल्या, गाठ सोडली, दातांत दोरा धरला आणि नव्यानं गुंडाळायला लागल्या.

फोटोग्राफर म्हणाला, आजी, जरा बाजूला. आप्पासाहेब म्हणाले, "थांब. काम चाललंय."

हॉटेलवाला थांबला, त्याचे पाहुणे थांबले, कडुबानं टोपी काढून हातात घेतली. चोवीस वर्षं मी लोकांच्या गाठी नापास केल्या. काल भर हॉटेलच्या दारात, सगळ्यांदेखत, मी नापास झाले, आणि मान इतकी ताठ होती की मुकुंद म्हणतो, फोटोत मी गाडीपेक्षा उंच दिसते.

कुणालाही दिवा बंद करायचं सुचलं नाही. लीलाबाईंनी शेवटचा वेढा त्याच उजेडात घातला.